बळवंतरावांचं तांबडं औषध

बायकोच्या तोंडाची चव गेली तर नवऱ्यानं काय करावं, याविषयी धर्मशास्त्रात एक ओळ सापडत नाही. श्राद्धाला कुठली भाजी चालते, पाल अंगावर कुठं पडली तर काय फळ मिळतं, सगळं लिहून ठेवलंय. पण हे नाही. त्यामुळे बळवंतरावांना जे करायचं ते स्वतःच्या अकलेनं करावं लागलं, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. आता त्यांची अक्कल वाईट होती असं नाही हं. देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या खासगीकडे ते कारकून होते. हत्तीच्या चाऱ्यापासून देवीच्या नैवेद्यापर्यंत कुठलाही हुकूम असो, मोडीत असा सुबक लिहीत की वाचणाऱ्यानं कागद खाली ठेवू नये. पण ती अक्कल दौतीजवळ चालायची. चुलीजवळ तिची कधी परीक्षाच झाली नव्हती.

झालं होतं असं, की पावसाळा सरता सरता सावित्रीबाईंना हिवताप आला. ताप यथावकाश गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. भात समोर आला की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. पेज झाली, मेतकूट झालं, लिंबाचं मुरलेलं लोणचं झालं, सगळं एकजात मातीसारखं लागायचं. दिवाळी आली नि गेली, त्यांनी अनारशाला बोट लावलं नाही. बांगड्या मनगट सोडून कोपराकडे धावायला लागल्या. शेवटी वैद्यांनी हात टेकले. ओसरीवर येऊन म्हणाले, "बळवंतराव, माझी औषधं झाली. आता अन्न पोटात गेलं तर बाई उठतील. नाही गेलं तर..." आणि वाक्य तिथंच सोडून ते जोडे शोधायला लागले. ते अर्धं वाक्य बळवंतरावांच्या मानगुटीवर बसलं. कचेरीत टाक दौतीत बुडवायचे आणि तसाच वाळू द्यायचे.

कुणी म्हणेल, मग विचारायचं की बायकोला, काय खावंसं वाटतं म्हणून! हो, म्हणायला काय जातंय? घरात आत्याबाई होत्या ना. आत्याबाई म्हणजे बळवंतरावांच्या वडिलांची बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेल्या, तेव्हापासून या घराचं सोवळं त्यांच्या हातात. बळवंतरावांना पंचेचाळिशी उलटली होती, कानावरचे केस पिकले होते, पण आत्याबाईंच्या देखत दिवसाढवळ्या बायकोशी बोलायची त्यांची छाती नव्हती. काही विचारायचंच झालं तर ते खांबाकडे बघून म्हणायचे, "आत्याबाई, औषध घेतलं का म्हणून जरा विचारा." मग आत्याबाई हातभरावर निजलेल्या सावित्रीबाईंकडे वळून, "औषध घेतलंस का म्हणून विचारतोय." उत्तर त्याच वाटेनं परत. थोरल्या पातीचा कागद धाकट्या पातीत जाऊन शेरा होऊन यायचा, तशातली गत. दोघांनाही या रिवाजाची इतकी सवय झाली होती की त्यात काही विचित्र आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी आत्याबाई देवीच्या दर्शनाला टेकडीवर गेल्या आणि घरात दोघंच उरली. बळवंतराव बाजेजवळ गेले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला. "काही... काहीतरी असेल ना, जे खावंसं वाटतं?"

सावित्रीबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "रागवायचं नाही इकडून."

"नाही रागवत."

"मागं भवानीबाईंकडे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या मुदपाकखान्यात तांबडी चटणी शिजत होती, टमाट्यांची. वास असा सुटला होता... मी बोटभर चाखली." त्यांनी डोळे मिटले. "तेवढीच एक चव आठवतेय जिभेला. बाकी सगळं पुसलं."

भवानीबाई म्हणजे धाकट्या पातीतल्या एका मराठा सरदारांची बायको. त्यांच्या घरचं शिजलेलं! आपल्या बायकोनं! बळवंतराव दचकले खरे. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं, की इतक्या दिवसांत ही पहिल्यांदा कशाची तरी आठवण काढतेय. धर्म गेला खड्ड्यात, असं काही ते म्हणाले नाहीत. तसं म्हणणाऱ्यांतले ते नव्हतेच. ते नुसतं "बरं" म्हणाले, पागोटं चढवलं आणि बाहेर पडले.

भवानीबाई पडद्याआडून बोलल्या, पण पडद्याला भोकं पडावीत इतक्या खणखणीत. "अहो कारकून, आमच्या चुलीवरचं तुमच्या घरात पाठवलं तर तुमच्या आत्याबाई मला जिती ठेवतील का? कोरडा शिधा देते, घरी करा. बागेत टमाटे लागलेत ढीगभर. त्यात काय आहे! उकळत्या पाण्यात टाकायचे, सालं काढायची. कांदा-लसूण परतायचा, लाल मिरची वाटून घालायची, आणि टमाटे कुस्करून शिजवत बसायचं, पाणी आटेतोवर. मीठ-तिखट आपापल्या चवीनं."

"आपापल्या म्हणजे?"

"म्हणजे ज्याला खायची त्याच्या! वहिनींना कसं आवडतं? झणझणीत, का बेताचं?"

बळवंतरावांनी पागोटं सारखं केलं. महाराजांच्या कुठल्या घोड्याला किती गूळ लागतो ते त्यांना तोंडपाठ होतं. संसाराला पंचवीसेक वर्षं होत आली होती. सावित्रीबाईंच्या हातचं रोज जेवले होते ते, दोन्ही वेळा. "चौकशी करून कळवतो," असं म्हणून त्यांनी कचेरीतल्यासारखी मान लववली. पडद्यामागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

टमाट्यांची करंडी, त्यात कांदे-लसूण-मिरच्यांचं गाठोडं, असा ऐवज घेऊन बळवंतराव निघाले. गडी बरोबर देते म्हणत होत्या भवानीबाई, पण मराठ्यांच्या घरचा गडी आपल्या दारात दिसला तर आत्याबाई उलटतपासणी घेतील, म्हणून त्यांनी स्वतःच करंडी कमरेशी धरली. देवास गाव तेव्हा दोन राजांचं. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. या बाजूला शिंकलं तर त्या बाजूच्या राज्यात ऐकू जायचं, पण माल इकडचा तिकडे न्यायचा तर तो परमुलुखातून आला. नाक्यावर फत्तेसिंग नावाचा शिपाई मिशांना तूप लावून बसलेला असे.

"राम राम पंडतजी," फत्तेसिंगनं करंडीत डोकावून पाहिलं. "यो कंई है? फल है के साग?"

"टमाटे आहेत. टमाटर."

"नाम तो म्हने भी मालूम है. पण फल है के साग? फल की जकात न्यारी, साग की न्यारी."

बळवंतरावांमधला कारकून जागा झाला. खरंच, हे फळ का भाजी? झाडाला फुलातून येतं म्हणजे फळ. पण देवाला ठेवत नाहीत, म्हणजे भाजी. त्यांनी दोन्ही बाजू मुद्देसूद मांडल्या, आणि इथंच चुकलं. मुद्दे ऐकायला माणसं जमली. एक तेली म्हणाला फळ. एक ब्राह्मण म्हणाला, हे वांगंच आहे, फक्त विलायती. पलीकडच्या पातीचा शिपाईही उठून आला आणि त्यानं आपल्या हद्दीतून हे भाजी म्हणून गेलंय का फळ म्हणून, असा नवाच प्रश्न काढला. थोरल्या पातीचा पागोटेवाला कारकून भर रस्त्यात भाजीची करंडी घेऊन उभा! बळवंतरावांचे कान तापले. कुठून तरी सुटका व्हावी म्हणून ते ओरडले, "अहो, औषध आहे हे! महूच्या छावणीतल्या डॉक्टरानं सांगितलंय!"

जन्मात त्यांनी महूचा डॉक्टर पाहिला नव्हता.

"दवा है?" फत्तेसिंग एकदम अदबीनं उभा राहिला. "दवा पे जकात नी. पण डागदर की चिठ्ठी बताओ."

चिठ्ठी कुठून बतावणार? बळवंतरावांनी घाम पुसायला करंडी खाली ठेवली, बरोबर रस्त्याच्या मधोमध, म्हणजे धड कुणाच्याच राज्यात नाही. तेवढ्यात एक तांबडी गाय संथपणे आली, करंडीत तोंड घातलं आणि चार-दोन टमाटे मटकावून, आणखीसाठी जीभ काढली. सगळे हां हां करत धावले. फत्तेसिंग मात्र गाईकडे बघत विचारात पडला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. "लो! गाय खई गी. तो यो चारो हुयो. चारा पे जकात नी लगे. ले जाओ पंडतजी!"

अशा रीतीनं सावित्रीबाईंचं औषध चारा म्हणून राज्यात दाखल झालं.

पण बळवंतरावांच्या पायांपेक्षा त्यांची थाप वेगानं चालत होती. ते घरी पोचले तर आत्याबाई दारातच. "महूच्या डॉक्टरानं औषध दिलंय म्हणे? कधी दाखवलंस त्याला? मला सांगितलं नाहीस ते?" मागं शेजारचे अण्णा उभे. हे अण्णा मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. वेळ जाता जात नव्हता म्हणून वैद्यकी वाचत होते, आणि आळीत कुणाला साधी ठेच लागली तरी त्यांचं पुस्तक उघडत होतं.

आत्याबाईंनी करंडीवरचं फडकं उचललं आणि दोन पावलं मागं सरकल्या. "अगं बाई! विलायती वांगी! चंपाषष्ठी झाली का रे? चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीशिवाय घरात येतं कधी? आणि हा कांदा! हा लसूण!"

"औषधात आहे तो. डॉक्टरानं..."

"डॉक्टरानं लसूण सांगितला?"

"फोडणीला," बळवंतराव म्हणाले, आणि मग जीभ चावली.

आत्याबाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खोटं त्यांना कळत नव्हतं असं नाही. बळवंतरावांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. पण आतून सावित्रीबाईंचा खोकला ऐकू आला, आणि आत्याबाई म्हणाल्या, "औषध तर औषध. औषधाला विटाळ नाही. पण माझ्या चुलीला शिवायचं नाहीस. अंगणात तीन दगड मांड. सोवळ्यातलं भांडं मिळायचं नाही, माळ्यावरचं जुनं पातेलं देते."

दुसऱ्या दिवशी सुटी होती. बळवंतरावांनी धोतर खोचलं, तीन दगड मांडले, आणि फुंकणी फुंकून फुंकून डोळे लाल केले. अण्णा भिंतीवरून बघत होते. मग बघणं लांबून नीट होत नाही म्हणून अंगणात येऊन पाटावर बसले. उकळत्या पाण्यातून काढलेल्या टमाट्याचं साल काढणं हे काय प्रकरण आहे, ते केल्याशिवाय कळायचं नाही. हातात धरवत नाही, आणि धरलं की निसटतं. पहिला बळवंतरावांच्या मुठीतून जो सुटला तो थेट अण्णांच्या शुभ्र उपरण्यावर. दुसरा त्यांनी जरा जोरानं धरला, तर फुटून त्यांच्याच छातीवर. दूध घालायला आलेली गवळण दारातून डोकावली, बळवंतरावांचं लालभडक अंग पाहिलं, आणि "हाय राम, पंडतजी ने कंई कर लियो!" म्हणत हंडा टाकून पळाली. पुढं ती बातमी कचेरीत कशी पोचली आणि तिथं तिला कसले हातपाय फुटले, ते सांगायला नको. माणसाची अब्रू मिळवायला जन्म लागतो, जायला एक टमाटा पुरतो.

चटणी शिजली. रंगही आला. पण बळवंतरावांनी थेंबभर जिभेवर ठेवला आणि घसा धरला. अण्णांनी चाखलं आणि थुंकले. "अहो, कळकलंय! पितळेत आंबट शिजवलंत? कल्हई कुठंय या पातेल्याला?"

कल्हई आतून केव्हाच उडाली होती. सगळं कळकलेलं, ओतून टाकण्यालायक. आत्याबाई उंबऱ्याच्या आतून फणकारल्या, "मला काय ठाऊक औषध आंबट असतं ते! आंबट औषध ऐकलं होतं का कुणी!" अर्धी करंडी उकिरड्यावर गेली. बळवंतरावांना रडू यायचं बाकी राहिलं. चटणीचं नव्हे हो, पण ओतताना त्यांना वैद्यांचं ते अर्धं वाक्य आठवलं.

मग मातीचं गाडगं आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला सालं निमूट निघाली. कांदा जरा करपला, पण वास असा सुटला की आत्याबाईंनी पदर नाकाला लावला, आणि मग, कुणाचं लक्ष नाहीसं बघून, थोडा काढला. बळवंतराव हात धुवायला विहिरीवर गेले. तेवढाच अवकाश अण्णांना पुरला. कंबरेच्या पुरचुंडीतून काडेचिराईताची पूड काढून त्यांनी मूठभर गाडग्यात सोडली आणि ढवळली. हिवतापावर चिराईताच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि औषधात औषध घातलं तर बिघडतं कुठं, असा त्यांचा सरळ हिशेब. हे ते नंतर स्वतःच अभिमानानं म्हणाले.

वाटी भरून आत्याबाईंच्या हाती आत गेली. बळवंतराव ओसरीवर खांबाला धरून उभे. कान आत. चमच्याचा आवाज झाला. मग आत्याबाई दारात आल्या. "छान झालीय म्हणाली."

"खरंच?"

"छान आहे म्हणाली. आणखी एक चमचा घेतला तिनं."

बळवंतरावांचा चेहरा असा फुलला की अण्णांनीसुद्धा पाठ थोपटली. देवीला नारळ बोलायचा राहिला म्हणून त्यांनी मनातल्या मनात बोलला. आणि मग सहज, आनंदाच्या भरात, गाडग्याच्या काठाला बोट लावून चाटलं.

कडू. कडू म्हणजे कसं, तर कडुलिंबानं लाजावं असं. जिभेपासून कानापर्यंत सरसरत गेलं ते. बळवंतराव तसेच उभे राहिले, बोट तोंडाशी. हे जहर तिनं गिळलं? दोन चमचे? आणि छान म्हणाली?

आणि मग त्यांना एकेक आठवायला लागलं. कधीही विचारलं, आत्याबाईंमार्फत, की भाजी बरी झालीय ना, तर उत्तर यायचं, छान आहे. लुगडं आणलं, छान आहे. घर बदलू या का, चालेल. ग्वाल्हेरीला लेक द्यायची का, इकडची मर्जी. इतक्या वर्षांत या बाईनं एकदाही कशाला नाव ठेवलं नव्हतं, आणि बळवंतराव चारचौघांत मोठ्या कौतुकानं सांगायचे, आमच्या घरात खाण्यापिण्याची कटकट म्हणून नाही. आपण एका माणसाबरोबर जन्म काढला, आणि ते माणूस नुसतं हो म्हणत राहिलं, हे त्यांना त्या कडू बोटानं समजलं.

ते तडक आत गेले. आत्याबाई तिथंच होत्या, अण्णा मागोमाग दारात आलेले. खांबाकडे बघायचं बळवंतराव विसरले. बाजेसमोर खाली बसले आणि बायकोला म्हणाले, "अगं, खरं सांग. कशी होती?"

सावित्रीबाई गोंधळून आत्याबाईंकडे बघायला लागल्या.

"त्यांच्याकडे नको बघूस, मी विचारतोय. मी. कशी होती?"

"...कडू," सावित्रीबाई पुटपुटल्या. "फार कडू होती."

"मग छान का म्हणालीस?"

"सकाळपासून धुरात बसणं चाललंय इकडून. कसं म्हणू?"

"आणि भवानीबाईंकडची? ती कशी होती?"

शब्द तोंडातून गेल्यावर बळवंतरावांना कळलं, आपण काय बोललो ते. सावित्रीबाईंनी पदर तोंडावर ओढला. अण्णांनी पुढं ऐकायला मिळावं म्हणून श्वास धरला. आत्याबाई हळूहळू वळल्या.

"भवानीबाईंकडची?"

"बोटभरच," पदराआडून आवाज आला. "चुकले मी. महूचा डॉक्टर-बिक्टर काही नाही. मलाच हवीशी वाटली."

आता वीज पडणार म्हणून बळवंतराव मध्ये सरकले. आत्याबाई म्हणजे जन्मभर एकभुक्त राहिलेली, साधं जिरं घातलेलं वरण खाल्लेली बाई ती. पण त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि बाजेच्या कडेशी टेकल्या. आवाज अगदी वेगळाच.

"तिखट होती का गं?"

पदर खाली आला. "हो," सावित्रीबाई म्हणाल्या.

"हं," आत्याबाई म्हणाल्या. "तरीच." आणि अण्णांकडे वळून, मूळच्या आवाजात, "तुम्ही काय बघताय हो? सरपण संपलंय अंगणात, आणा जा!"

करंडीच्या तळाशी थोडे टमाटे उरले होते. बळवंतरावांनी गाडगं घासूनपुसून चढवलं, तर मागं चाहूल लागली. सावित्रीबाई भिंतीला धरून धरून अंगणात येत होत्या. तापानंतर त्या पहिल्यांदाच उंबरा ओलांडत होत्या. बळवंतराव धावले, अण्णांचा पाट त्यांना दिला. अण्णा उभे राहिले. त्यांना दुसरा पाट कुणी दिला नाही.

कांदा परतून झाला, लसूण झाला. बळवंतराव मिरची हातात घेऊन थांबले. "किती?"

"इकडे सोसेल तेवढी."

"माझं राहू दे गं. तुला किती लागते?"

सावित्रीबाईंनी मिरची हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार अशी नव्हतीच. एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही, तसं त्या बोलत होत्या. "तिरल्याला, माहेरी, पुष्कळ खायची मी तिखट. मग इथं आले. मामंजींना आमटी गोडसर लागायची. आत्याबाईंना कांदा-लसूण वर्ज्य. इकडे तिखटानं उचकी लागते. मग सगळ्यांचं बघता बघता माझं काय ते राहूनच गेलं. आता खरंच आठवत नाही."

बळवंतरावांनी जळत्या लाकडांशी उगाच चाळा केला. "मग बघू या," ते म्हणाले. "घालून बघू. तू सांग."

एक मिरची वाटून घातली. चमच्याच्या टोकावर घेऊन फुंकर घातली, दिली. "अजून," सावित्रीबाई म्हणाल्या, पण म्हणताना आत्याबाईंकडे चोरून पाहिलं. आणखी घातली. "अजून?" "अजून." अण्णांनी पित्ताचा मुद्दा काढला. "पित्त राहू द्या," आत्याबाई आतून म्हणाल्या. आणखी दोन पडल्या. मिरचीचा खाट उठला तसा अण्णांना ठसका लागला. खोकत खोकत, उपरण्यानं डोळे पुसत ते भिंतीपलीकडे गेले, आणि तिकडूनही बराच वेळ ऐकू येत होते. "मीठ?" बळवंतरावांनी विचारलं. "चिमूटभर. नाही, थांबायचं जरा. आणखी चिमूट." टमाटे कुस्करून पडले. पाणी आटत आलं. बळवंतराव खोकत होते, ढवळत होते, आणि प्रत्येक खेपेला चमचा पुढं करत होते.

शेवटची चव सावित्रीबाईंनी डोळे मिटून घेतली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक लाल झालं. कपाळावर घाम फुटला.

"भवानीबाईंसारखी नाही झाली," त्या म्हणाल्या.

बळवंतरावांच्या हातातला चमचा खाली आला. टमाटे संपले होते. "नाही ना?"

"त्यांच्यात कांदा कमी होता." त्या जरा थांबल्या, आणि आपल्याच बोलण्याचं नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या, "मला... मला एवढा कांदा आवडत नाही."

आतून आत्याबाई आल्या. सोवळ्यातली ज्वारीची गरम भाकरी त्यांनी न शिवता वरून सावित्रीबाईंच्या ताटात टाकली आणि परत गेल्या. सावित्रीबाईंनी तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. मग दुसरा. बळवंतरावांनी फुंकणी हातात तशीच धरलेली. तिसऱ्या तुकड्याला ती ठेवायची त्यांना आठवण झाली. त्यांनीही कडेचा तुकडा मोडून चटणीत बुडवला, आणि दणकून उचकी लागली. भाकरी संपली. सावित्रीबाईंनी मान वर करून दाराकडे पाहिलं, आणि बोलायला लाजल्या. तर आत्याबाई अर्धी घेऊन दारात उभ्याच होत्या. तीही संपली. गाडग्याच्या तळाला लागलेलं सावित्रीबाईंनी बोटानं पुसून घेतलं, कुणी बघतंय की नाही याची फिकीर न करता.

मग त्या हात मागं टेकून पाटावर बसल्या, घामेजलेल्या, नाकाचा शेंडा लाल, श्वास जरा लागलेला. ऊन टेकडीमागं गेलं होतं.

"उद्या," त्या म्हणाल्या, "कांदा कमी घालायचा."

बळवंतराव तीन दगडांपाशी तसेच बसून राहिले. वैद्य जोडे घालून गेले त्या दिवसापासून या घरात उद्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"घालतो," ते उचकीतून म्हणाले, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून पुन्हा एकदा म्हणाले, "कमी घालतो."